दोन लाख आधी आले आणि पूर्ण रकमेचा चेक परतला: आता नोटीस कशी काढायची?

प्रश्न थोडक्यात असा. तुमचा मशीद बंदरला कागदाचा घाऊक धंदा आहे. अंधेरीच्या एका छपाई कंपनीने (प्रायव्हेट लिमिटेड) मालापोटी ५ जानेवारी तारखेचा ८,४०,००० रुपयांचा चेक दिला. ७ तारखेला तिनेच २,००,००० रुपये एनईएफटीने पाठवले, पण कशापोटी ते लिहिले नाही. तुम्ही २० तारखेला चेक जवळ पडतो म्हणून दादर शाखेत भरला. खाते मात्र त्याच बँकेच्या ठाणे शाखेत आहे. २१ ला ‘फंड्स इन्सफिशियंट’ शेऱ्यासह चेक परतल्याचा बँकेचा मेमो हातात आला. ओळखीच्या माणसाने करून दिलेल्या नोटिशीत चेकची रक्कम, व्याज आणि वकील फी मिळून ९,९६,००० रुपये मागितले आहेत. चेकवर एका संचालकाची सही आहे, दुसऱ्या संचालक त्यांच्या पत्नी. नोटीस पाठवावी का, खटला कुठे टाकायचा आणि अलीकडच्या निकालांनी काय बदलले, असे तुम्ही विचारले आहे.

तो मसुदा पाठवू नका. त्यात दोन चुका आहेत आणि दोन्हींवर सर्वोच्च न्यायालयाचे स्पष्ट निकाल आहेत.

आधी दोन लाखांचे बघू, कारण खरी अडचण तिथे आहे. ऑक्टोबर २०२२ च्या दशरथभाई पटेल निकालात २० लाखांचा चेक होता. चेक दिल्यानंतर आणि बँकेत भरण्याआधी कर्जदाराने ४ लाखांहून थोडी जास्त रक्कम फेडली होती. तरी चेक पूर्ण रकमेचाच भरला गेला आणि नोटीसही पूर्ण रकमेची गेली. न्यायालयाने सांगितले की चेक वटवायला टाकतो त्या दिवशी त्यावरची रक्कम कायदेशीर देणे असली पाहिजे. मधल्या काळात काही फेड झाली असेल तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे तशी नोंद चेकवर करायची आणि उरलेल्या रकमेसाठीच तो भरायचा. हे केले नाही तर त्याच कायद्याच्या कलम १३८ चा (चेक न वटण्याचा) गुन्हाच घडत नाही. खटला दोन-तीन वर्षे चालून शेवटी या एका मुद्द्यावर पडतो, आणि तोवर दुसरे मार्गही अरुंद झालेले असतात.

म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रश्न वकिलाचा नाही, तुमच्या मुनिमाचा आहे: ७ जानेवारीला ते दोन लाख लेजरमध्ये कशात जमा धरले? या कंपनीकडे चेकबाहेरची जुनी बिले थकलेली होती का? करार कायद्याचे कलम ५९ ते ६१ इथे उपयोगी पडते. पैसे देणाऱ्याने कोणत्या बिलापोटी देतोय हे सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तर घेणारा ते कोणत्याही कायदेशीर येण्यात जमा धरू शकतो. समजा नोव्हेंबरची अडीच लाखांची बिले उघडी होती आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ७ किंवा ८ जानेवारीलाच ते दोन लाख त्या बिलांत वळते केलेले आहेत. मग चेकमागचे ८,४०,००० चे देणे २० जानेवारीला जसेच्या तसे उभे होते आणि गाडी रुळावर आहे. नोंद नसेल तर आज बसून मागच्या तारखेने करू नका. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा एडिट लॉग उलटतपासणीत मागवता येतो. खाडाखोड सापडली की खरी बिलेसुद्धा संशयात जातात.

जुने काहीच थकलेले नव्हते आणि ते दोन लाख याच मालाचे होते, तर या मेमोवर नोटीस काढून उपयोग नाही. तुमचे खरे येणे ६,४०,००० आहे. कंपनीकडून ६,४०,००० चा नवा चेक घ्या, जुना परत करा, परत केल्याची पोच घ्या. कलम ५६ ची नोंद करून जुनाच चेक पुन्हा भरणे कायद्यात बसते. एमएसआर लेदर्सच्या निकालापासून (२०१२) तोच चेक मुदतीत पुन्हा भरून दुसऱ्या वेळच्या परतीवर खटला करता येतो. पण चेक क्लिअरिंगला आता प्रतिमेवर जातो. पुढच्या बाजूला ८,४०,००० आणि मागे ‘शिल्लक ६,४०,०००’ असे दिसले की काउंटरवरचा कर्मचारी गोंधळतो, बहुतेक वेळा घेतच नाही. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने, म्हणजे ४ एप्रिलच्या आतच जे करायचे ते करा. नवा चेक हा सरळ मार्ग.

दुसरी चूक रकमेची. सप्टेंबर २०२५ च्या कावेरी प्लास्टिक्स निकालात चेक १ कोटीचा होता, नोटीस २ कोटींची गेली. ‘टायपिंगची चूक’ हा खुलासा न्यायालयाने मानला नाही. नोटिशीत मागायची ती ‘सदर रक्कम’, म्हणजे चेकचीच, रुपयाचाही फरक नको. हा नियम नवा नाही. २००० सालीच सुमन सेठी प्रकरणात ठरले होते की व्याज आणि खर्च मागायचा तर तो चेकच्या रकमेपासून वेगळा काढून दाखवला पाहिजे. गोळाबेरीज करून एकच आकडा मागितला की नोटीस बाद. तुमचा मसुदा नेमका तसा आहे. नोटिशीत एक स्वतंत्र परिच्छेद करा: चेक क्रमांक, तारीख, बँक व शाखा, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, मेमोची तारीख व शेरा, आणि ‘ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम रुपये ८,४०,००० द्या’. व्याज हवेच असेल तर त्याखाली वेगळ्या परिच्छेदात, ‘याखेरीज’ असे म्हणून. व्याजाचा हट्ट नोटिशीत न करता दिवाणी दाव्यात केलेला बरा, असे माझे मत आहे. नोटीस जितकी कोरडी तितकी टिकते. रागाची वाक्ये, फसवणुकीचे आरोप, पोलिसांची धमकी यांनी मजकूर वाढतो आणि बचावाच्या वकिलाला खाद्य मिळते.

आता दिवस मोजा. मेमोची माहिती २१ जानेवारीला मिळाली. तो दिवस सोडून ३० दिवस, म्हणजे २० फेब्रुवारीपर्यंत नोटीस टपालात पडलीच पाहिजे. बँकेचा एसएमएस मेमोच्या एक दिवस आधी आला असेल तर मोजणी एसएमएसपासून करा. वाद कशाला ओढवून घ्यायचा? समजा नोटीस १० फेब्रुवारीला कंपनीला मिळाली. १० सोडून १५ दिवस २५ ला संपतात. २६ फेब्रुवारीला तक्रारीचे कारण उद्भवते आणि तिथून एक महिना, म्हणजे २६ मार्चपर्यंत तक्रार दाखल व्हायला हवी. महिना कॅलेंडरचा, ३० दिवसांचा नाही. लोक इथे उशीर करतात तसे घाईही करतात. १५ दिवस पुरे व्हायच्या आत टाकलेल्या तक्रारीची मॅजिस्ट्रेटला दखलच घेता येत नाही, हे योगेंद्र प्रताप सिंह निकालात (२०१४) ठरले आहे. तक्रारीला उशीर झाला तर कलम १४२ खाली सबळ कारण देऊन माफी मागता येते. नोटिशीचे ३० दिवस हुकले तर मात्र त्याला माफी नाही. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरून नवा मेमो घ्यायचा, एवढेच हातात राहते.

टपालाचेही थोडे. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे. जुन्या नोटिशीवरचे ‘आर.पी.ए.डी. द्वारा’ (पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने) तसेच छापून पाठवणारे अजून दिसतात. स्पीड पोस्टच करा, पोचपावतीची सेवा घ्या, ट्रॅकिंगचे पान त्याच आठवड्यात छापून ठेवा. महिन्यांनी ते संकेतस्थळावर सापडेलच असे नाही. पत्ता कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या संकेतस्थळावर दिसतो), शिवाय बिलावरचा. ‘अनक्लेम्ड’, ‘नाकारले’, ‘दार बंद’ अशा शेऱ्यांनी पाकीट परत आले तर नोटीस मिळाली असे गृहीत धरता येते. अलावी हाजी प्रकरणात (२००७) हे स्पष्ट आहे. मिळालीच नाही म्हणणाऱ्याला समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची वाट त्याच निकालाने ठेवली. पण ‘अपुरा पत्ता’ असा शेरा आला तर चूक तुमच्याकडे येते. परत आलेले पाकीट फोडू नका, जसेच्या तसे कोर्टात द्यायचे असते. व्हॉट्सॲप आणि ईमेलवर प्रत पाठवा, पण जोडीला.

खटला ठाण्यात. दादरला चेक भरला म्हणून भोईवाड्याला किंवा कंपनी अंधेरीची म्हणून अंधेरी कोर्टात, असे नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यात जमा करायला दिलेल्या चेकसाठी, पैसे घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयाला अधिकार. बँकेच्या कुठल्याही शाखेत चेक भरला तरी तो मूळ शाखेतच दिला असे कायदा मानतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जवळजवळ हेच आले होते: चेक मुंबईच्या ऑपेरा हाउस शाखेत भरलेले, खाते मंगळुरूच्या शाखेत. मंगळुरूच्या कोर्टाने अधिकार नाही म्हणून तक्रार परत केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती तिथेच चालेल असे सांगितले. तुमच्या बँकेकडून ‘खाते ठाणे शाखेत आहे’ असे एक ओळीचे पत्र घेऊन तक्रारीला जोडा. विलीनीकरणामुळे शाखांची नावे आणि आयएफएससी कोड बदललेले असतात, तिथे हे पत्र फार कामाला येते.

आरोपी कोण? पहिली कंपनी. तिला आरोपी न करता नुसत्या संचालकावर खटला चालत नाही (अनिता हाडा, २०१२). मग सही करणारे संचालक. पत्नीला केवळ संचालक आहेत म्हणून ओढायचे असेल तर, त्या काळात कंपनीचा रोजचा कारभार त्यांच्याकडे होता आणि त्या त्याला जबाबदार होत्या, हे तक्रारीत तथ्यांसह लिहावे लागते: ऑर्डरचे ईमेल त्यांनी पाठवले, पैशांचे आश्वासन त्यांनी दिले, असे काही. नसेल तर त्यांना सोडा. दबाव म्हणून घातलेले नाव उच्च न्यायालयात रद्द होते, आणि तोवर मूळ खटल्याला स्थगिती मिळून वर्ष जाते. संचालकांना वेगळी नोटीस देण्याची कायद्याने गरज नाही, तरी सही करणाऱ्याला एक प्रत पाठवावी. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली तर स्थगिती कंपनीपुरती असते, संचालकांवरचा खटला चालू राहतो. २०२१ च्या मोहनराज निकालाने हे ठरवले.

तक्रारीच्या रचनेत २५ सप्टेंबर २०२५ च्या संजबीज तारी निकालाने बरेच बदलले. प्रकरण गोव्याचे, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडून वर गेलेले. ६ लाखांच्या उसनवारीचा चेक. आरोपीचा बचाव असा की मित्राला बँकेतून कर्ज मिळावे म्हणून कोरा सही केलेला चेक दिला होता. न्यायालयाने तो अविश्वसनीय ठरवला आणि सोबत देशभरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांसाठी सूचना दिल्या. मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या प्रलंबित खटल्यांचा त्यात खास उल्लेख आहे. तुमच्या कामाच्या सूचना अशा. तक्रारीच्या अनुक्रमणिकेनंतर लगेच ठरलेल्या नमुन्यातला गोषवारा लावायचा, त्यात पक्षकार, चेक, परतीचा तपशील, नोटीस, अधिकारक्षेत्र, मागणी. समन्स नेहमीच्या मार्गाशिवाय तक्रारदारानेही हाती बजावायचे आणि ईमेल, व्हॉट्सॲपवरही पाठवायचे. त्यासाठी आरोपीचा मोबाइल व ईमेल शपथपत्रावर द्यावा लागतो. बजावणीचे खोटे शपथपत्र केले तर कारवाई होईल, हेही सांगितले आहे. आरोपीला सुरुवातीलाच ऑनलाइन पैसे भरता यावेत अशी सोय समन्समध्ये असावी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे दखल घेण्याआधी आरोपीला बोलवावे का, हा घोळ सव्वा वर्ष चालला होता. चेकच्या खटल्यांत तशी गरज नाही, हे आता स्पष्ट झाले.

आरोपीला विचारायचे प्रश्नही त्या निकालाने दिले आहेत: चेक तुमच्या खात्याचा आहे का, सही तुमची आहे का, चेक तुम्ही तक्रारदाराला दिला का, त्या वेळी देणे होते का, नसेल तर बचाव काय, आणि तडजोड करायची आहे का. सही मान्य झाली की कलम ११८ आणि १३९ ची गृहीतके लागू होतात. देणे होते असे धरून पुढे जायचे आणि ते नव्हते हे आरोपीने दाखवायचे (रंगाप्पा, २०१०). त्याला ते संशयापलीकडे सिद्ध करावे लागत नाही, शक्यतेचा तोल त्याच्याकडे झुकला तरी पुरते. म्हणूनच तुमचे कागद भक्कम हवेत. ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल, माल उतरल्याचे शिक्का-सहीचे चलन, त्यांच्या बाजूने सही झालेला खातेउतारा आणि त्यांनी तुमच्या बिलांवर जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेतल्याचा काही पुरावा. हा शेवटचा मुद्दा ‘मालच आला नाही’ या बचावाची हवा काढतो. लेजर, व्हॉट्सॲप, बँक स्टेटमेंट या सगळ्या इलेक्ट्रॉनिक छपायांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जुन्या साक्ष्य कायद्यातल्या ‘६५-ब’चा नमुना चालवू नका, नव्या नमुन्यात दोन भाग आहेत आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) लिहावी लागते.

‘चेक सिक्युरिटीपोटी दिला होता’ हा मुंबईच्या बाजारातला सर्वांत आवडता बचाव. तो आपोआप चालत नाही. चेक वटवायच्या दिवशी देणे उभे राहिलेले असेल तर सिक्युरिटीचा चेकही कलम १३८ मध्ये येतो (श्रीपती सिंह, २०२१). कोऱ्या चेकवर नुसती सही करून दिली तरी तेच, बाकी मजकूर दुसऱ्याच्या हातचा असला तरी. तुमच्या बाबतीत धोका सिक्युरिटीचा नाही, त्या दोन लाखांचाच आहे, म्हणून पुन्हा सांगतो.

जाता जाता, रोख उसनवारीबद्दल विचारणारे बरेच असतात. २०,००० च्या वर रोख कर्ज दिले म्हणजे प्राप्तिकर कायद्याचा भंग आणि म्हणून देणेच बेकायदा, हा केरळ उच्च न्यायालयाने मानलेला मुद्दा संजबीज तारीमध्ये फेटाळला गेला. दंड कर खात्याचा, चेकचा खटला वेगळा.

पैसे मधल्या काळात मिळतात का? कलम १४३अ खाली चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते, आरोपीने गुन्हा नाकबूल केल्यानंतर. मार्च २०२४ मध्ये राकेश रंजन श्रीवास्तव प्रकरणात ठरले की ही भरपाई मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक नाही. प्रथमदर्शनी बाजू, बचाव किती खरा वाटतो, आरोपीची आर्थिक स्थिती हे पाहून कारणे द्यावी लागतात. म्हणून दोन ओळींचा छापील अर्ज टाकू नका, चलन आणि खातेउतारा दाखवून लिहा. आदेश झाला की ६० दिवसांत भरायचे, कारण दाखवल्यास आणखी ३० दिवस. शिक्षेविरुद्ध आरोपी अपिलात गेला तर कलम १४८ खाली भरपाईच्या किमान २० टक्के भरायला लावणे हा नियम आहे, अपवाद विरळ. आणि तो निर्दोष सुटलाच तर? २०२५ च्या सेलेस्टियम फायनान्शियल निकालानुसार तक्रारदार हा ‘पीडित’ असल्याने त्याला उच्च न्यायालयाची खास परवानगी न मागता सत्र न्यायालयात अपील करता येते. लहान व्यापाऱ्याला हा मोठा दिलासा आहे.

दिवाणी बाजू समांतर चालू ठेवा. येणे ३ लाखांच्या वर आणि व्यापारी असल्याने हा व्यापारी दावा होतो. तातडीचा आदेश मागायचा नसेल तर आधी व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची मध्यस्थी सक्तीची, ती टाळून टाकलेला दावा फेटाळला जातो (पाटील ऑटोमेशन, २०२२). मध्यस्थीची मुदत तीन महिने, संमतीने आणखी दोन, आणि तेवढे दिवस तीन वर्षांच्या मुदतीतून वगळले जातात. एमएसएमई परिषदेत (लघुउद्योगांची थकलेली येणी बघणाऱ्या) जा असे कोणी सांगेल. उद्यम नोंदणी असली तरी नुसत्या व्यापाऱ्याला विलंबित देण्याच्या तरतुदींचा लाभ नाही, त्याची नोंदणी बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. तुम्ही वह्या बनवत असाल तर गोष्ट निराळी.

तडजोडीचा हिशेब संजबीज तारीने उलटा फिरवला आहे. दामोदर प्रभू निकालात (२०१०) उशिरा तडजोड करणाऱ्या आरोपीला चेकच्या १० ते २० टक्के भुर्दंड होता. आता बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी मिटवले तर काहीच नाही, त्यानंतर पण निकालाआधी ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५, सर्वोच्च न्यायालयात १०. म्हणजे लवकर मिटवायची आरोपीला पूर्वीइतकी निकड उरली नाही, आणि तुमच्या बाजूने दबाव ठेवायचा तर तो अंतरिम भरपाईच्या अर्जातूनच.

समोरचा हप्ते मागेल. हप्त्यांचे चेक घेऊन करारनामा केला की मूळ तक्रारीची जागा तो करार घेतो. नवे चेक परतले तर त्यांच्यावर नवा खटला, नवी नोटीस, नवे ३० दिवस. दोन्ही खटले एकदम चालवता येत नाहीत, असे जिम्पेक्स प्रकरणात (२०२१) ठरले. तेव्हा निदान पहिला मोठा हप्ता, अर्ध्याच्या आसपास, डिमांड ड्राफ्टने कोर्टातच घ्या. तडजोडीच्या अटी कोर्टात दाखल करा, आणि मूळ चेक शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत परत देऊ नका.